अप्पर खाली करा, समोर डोळे आहेत

गेल्या दिवाळीला सुरतेहून मुलगा, सून आणि नात आली. नात सातवीत आहे. पिंपळनेरला आली की पहिला दिवस ती मोबाइलला चिकटून असते आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागे मागे फिरते. त्या पहिल्याच संध्याकाळी ती ओट्यावर माझ्याजवळ येऊन टेकली आणि म्हणाली, "आबा, याचे डोळे बघा ना."

पडद्यावर दोन मुठींएवढा राखाडी लोकरीचा गोळा बसला होता. ससा म्हणावा तर कान गोल, उंदीर म्हणावा तर शेपटीला खारीसारखा झुपका. मिशा अंगाच्या मानाने फारच लांब. आणि डोळे ओल्या जांभळासारखे. काळे, टपोरे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले. पांढरा भाग कुठे दिसतच नव्हता. "याला चिंचिला म्हणतात," नात म्हणाली. "पप्पांनी कबूल केलंय, वार्षिक परीक्षेत चांगले मार्क पडले तर आणू."

तो व्हिडिओ मी तीन वेळा पाहिला. हा प्राणी मी आयुष्यात कधी पाहिलेला नाही. पण रात्रीसाठी घडलेले डोळे मी हजारो पाहिले आहेत. चौतीस वर्षं मी एसटी चालवली. १९८४ ला लागलो, २०१८ ला निवृत्त झालो, आणि त्यातली निम्मी वर्षं मुक्कामी गाड्यांवर गेली. रात्री शेवटची गाडी घेऊन निघायचं, पाड्यावर पोचायचं, गाडीतच सीटवर अंथरूण टाकायचं आणि पहाटे पहिली गाडी सोडायची. पिंपळनेरहून नवापूरकडे जाताना चरणमाळ घाट, ताहाराबाद-सटाण्याकडे सेलबारी, दहिवेलच्या पुढे कोंडाईबारी. या तिन्ही वाटांवर माझ्या गाडीच्या उजेडात जे डोळे चमकून गेले, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे, आणि रात्री गाडी चालवणाऱ्यांकडे एक मागणं मागायचं आहे.

माझा भाचा जनावरांचा डॉक्टर. भाऊबीजेला बहिणीबरोबर तोही आला. नातीने त्याला तोच व्हिडिओ दाखवला आणि मी विचारलं, एवढा मोठा डोळा कशाला रे लागतो याला? त्याने नीट समजावून सांगितलं.

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला. चिली देशातल्या कोरड्या, खडकाळ उतारांवर तो दिवस कपारीत काढतो आणि उन्हं उतरली की बाहेर पडतो. संधिप्रकाश आणि चांदण्यांचा उजेड, एवढ्यावर त्याचं सगळं चालतं. म्हणून डोळा मोठा, मिळेल तेवढा उजेड आत घेणारा. खोबण उथळ, त्यामुळे तो डोळा पुढे आलेला दिसतो. लख्ख उजेडात त्याची बाहुली मांजरासारखी उभी चीर होते आणि अंधार पडला की रुंदावत गोल होते. डोळे बाजूंना असल्यामुळे मागून येणारं संकटही त्याला कळतं. मात्र नाकासमोरच्या वस्तूचं अंतर दोन्ही डोळ्यांनी मिळून जोखणं त्याला आपल्याइतकं साधत नाही. जवळचा दगड, कपारीचं तोंड हे तो मिशांनी चाचपतो. रंगही त्याला आपल्याएवढे दिसत नाहीत. आपण दिवसाचे प्राणी, आपल्याला बारकावे दिसतात. त्याला अंधारातली हालचाल दिसते.

"आणि मामा," भाचा म्हणाला, "हा आपल्या साळिंदराचा भाऊबंद आहे. लांबचा, पण भाऊबंदच. कुरतडणाऱ्या प्राण्यांचं खटलं मोठं. त्यात उंदीर-घुशी एका वाटणीत, आणि साळिंदर, गिनीपिग, चिंचिला दुसऱ्या."

साळिंदराचं नाव निघालं आणि मी गप्प झालो. घरात कुणाला माहीत नव्हतं ते त्या दिवशी सांगून टाकलं.

१९९६ चा जानेवारी. कडाक्याची थंडी, चरणमाळ घाटाची चढण, गाडीत पंधरा-सोळा माणसं. समोरून एक ट्रक उतरत होता, अप्पर म्हणजे दूरचा झोत लावून. मी दोनदा डिपर दिला. त्याने दिवे खाली केले नाहीत. तो शेजारून गेला आणि माझ्यासमोर नुसतं काळं उरलं, मध्ये दोन हिरवे-जांभळे डाग. ताशी चाळीसने चालणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. तीन सेकंद मला रस्ता दिसला नाही. म्हणजे तेहतीस मीटर, तीन एसटी गाड्या एकापुढे एक उभ्या कराव्या तेवढं अंतर, मी गाडी आंधळ्यासारखी चालवली. मग चाकाखाली आवाज आला.

उतरून पाहिलं तर साळिंदराची मादी. संपली होती. वाहकाने बॅटरी फिरवली तेव्हा कडेच्या गवतात तिचं पिल्लू दिसलं, नारळाएवढं, आखूड काट्यांचं. उजेड अंगावर पडताच ते तिथल्या तिथे थिजलं. काटे फुलवले, आमच्याकडे पाठ केली आणि हलेचना. एका माणसाने दगड उचलून रस्त्यावर आपटला, तरी हलेना. मी वाहकाला म्हटलं, बॅटरी बंद कर. आम्ही अंधारात उभे राहिलो. मिनिट-दीड मिनिटाने सागाची वाळकी पानं चुरचुरली आणि तो आवाज उताराकडे गेला. पिल्लू गेलं होतं. आईशिवाय ते किती दिवस जगलं असेल, हे मी स्वतःला पुष्कळ रात्री विचारलं आहे.

गाडीतल्या एका बाईने तीन काटे उचलून पदराला बांधले. जुन्या काळी सीमंतोन्नयनाच्या संस्कारात गर्भवतीचा भांग साळिंदराच्या काट्याने पाडत, तिला ते ठाऊक असावं. दुसऱ्या दिवशी आगारात मेकॅनिकने टायरमधून दोन काटे पकडीने उपसले. मी त्याला म्हटलं, दे ते. ते अजून माझ्या पेटीत आहेत. दिवाळीत ते काढून नातीच्या हातावर ठेवले.

ट्रकवाल्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्या रात्रीपर्यंत मीही रिकाम्या रस्त्यावर अप्परच लावून चालायचो. समोर गाडी नाही तर दिवे कुणासाठी खाली करायचे, असं सगळे चालक म्हणतात. समोर कुणीतरी असतं. त्याला दिवे नसतात, डोळे असतात.

रात्रीच्या चालकाला डोळ्यांवरून जनावर ओळखता येतं. बैल-म्हशींचे डोळे उंचावर, एकमेकांपासून लांब आणि निळसर-हिरवे. बिबट्याचे पिवळट-हिरवे, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, आणि ते लुकलुकत नाहीत, स्थिर असतात. सशाचा बहुतेक वेळा एकच डोळा दिसतो, तांबूस, कारण त्याचे डोळे दोन बाजूंना आणि तो आपल्याकडे कुशीने बसलेला असतो. रातवा नावाचा पक्षी रात्री डांबरावर येऊन बसतो; त्याचा डोळा विझत्या निखाऱ्यासारखा, आणि गाडी अगदी जवळ येईपर्यंत तो उठत नाही. पावसाळ्यात गवतातून बारीक हिऱ्यांसारखे ठिपके चमकतात, ते कोळ्यांचे डोळे.

हे चमकणं कसलं, ते मला नोकरीत असताना कुणी सांगितलं नाही. बिबट्या, मांजर, कुत्रा, गाय यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड पडद्यातून एकदा जातो, आरशावर आपटून परत दुसऱ्यांदा जातो. एकाच उजेडाचा दोनदा उपयोग. उरलेला जो बाहेर येतो तो आपल्याला हिरवा-पिवळा दिसतो. सशाला हा आरसा नाही, चिंचिलालाही नाही. त्यांच्या डोळ्यात दिसतो तो मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग. आपल्यालाही आरसा नाही. म्हणून रस्त्याने जाणाऱ्या माणसाचा डोळा अंधारात चमकत नाही. बाजाराच्या दिवशी उशिरा पायी घरी जाणारा माणूस, अंगावर गडद घोंगडी, हा रात्रीच्या रस्त्यावर सगळ्यांत उशिरा दिसणारा जीव आहे. नव्या चालकांनी ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

चमकत्या डोळ्यांची आपल्याकडे फार भीती. "ड्रायव्हरभाऊ, डोया चमकतस! पयाड गाडी!" अशी आरोळी मी कितीदा ऐकली असेल. सेलबारीत एकदा कठड्यावर बिबट्या बसलेला होता. सगळी गाडी ओरडायला लागली, मागचा एकजण म्हणाला हॉर्न दाबा, दुसरा म्हणाला अंगावर घाला. साळिंदराची गोष्ट होऊन तोवर सात वर्षं झाली होती. मी गाडी उभी केली, हेडलाइट बंद केले, फक्त पार्किंगचे बारीक दिवे ठेवले. त्याची आकृती नुसती धूसर दिसत होती. तो उठला, अंग ताणलं, रस्ता ओलांडला आणि खाली उतरला. सगळं मिळून अर्धं मिनिट. गाडीत शांतता झाली होती. एक म्हातारे बाबा हळूच म्हणाले, "त्याले बी दिसाले जोयजे ना."

त्यालाही दिसायला पाहिजे. मला जे सांगायचं आहे ते त्या बाबांनी एका ओळीत सांगितलं.

आता दिव्यांबद्दल. माझ्या जुन्या गाडीचा बल्ब पिवळा होता. आज दुचाकीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळीकडे पांढरे एलईडी, आणि कंपनीच्या दिव्यावर समाधान नाही म्हणून वर जोडलेले जादाचे फोकस. डोळ्यात रात्री बघणाऱ्या पेशी वेगळ्या असतात आणि दिवसा, रंग बघणाऱ्या वेगळ्या. रात्रीच्या पेशींना निळसर-हिरवा उजेड सर्वांत जास्त लागतो आणि तांबडा सर्वांत कमी. पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो. म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्यापेक्षा हा नवा दिवा नेमका त्या पेशींवरच जाऊन आदळतो. एकदा त्या दिपल्या की पुन्हा पुरत्या जाग्या व्हायला वेळ लागतो. माणसाच्या डोळ्याला उजेडातून अंधारात आल्यावर पूर्ण सरावायला अर्धा-पाऊण तास लागतो. मग ज्या प्राण्याचा डोळा मुळात चांदण्यांवर चालतो, त्याचं काय होत असेल? तो रस्त्यात थांबतो. आपण म्हणतो, मूर्ख जनावर, हटत नाही. ते हटत नाही कारण त्या क्षणी त्याला वाट दिसत नसते. ससा तर उजेडाच्या पट्ट्यातच नागमोडी पळत राहतो. पट्ट्याबाहेरची जमीन त्याच्या दिपलेल्या डोळ्यांना भिंतीसारखी काळी दिसत असणार.

आणि हे आपल्या भागात काहींना चांगलं ठाऊक आहे. बॅटरीवर ससे मारायला जाणारी पोरं मी पाहिली आहेत. मोटारसायकलवर दोघं, मागच्याच्या हातात मोठी बॅटरी, सोबत काठी आणि कुत्रं. सशाच्या डोळ्यात उजेड मारायचा, तो थिजला की काठी घालायची. याला शिकार म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे आणि ससा मारणं हा गुन्हा आहे. पोरांच्या बापांना हे माहीत असतं. रात्री दोन वाजता पोरगं चिखलाच्या पायांनी घरी येतं तेव्हा त्याला विचारण्याचं काम बापाचं आहे. वनरक्षक किती ठिकाणी पुरणार?

डोळ्यांवर उजेड मारू नये हे काही माझं नुसतं मायेचं बोलणं नाही, कायद्यात लिहिलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १०६ वा नियम सांगतो की समोरच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा, इतका की आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्या माणसाचा डोळा असेल तो दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे माणसाच्या डोळ्याची उंची धरली आहे. सशाचा डोळा वीतभर उंचीवर असतो, साळिंदराचाही तसाच. झोत खाली केला तरी त्यांच्या डोळ्यात थोडा जाणारच. पण अप्पर लावला की दूरवरून, कितीतरी आधीपासून ते आंधळे होतात. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर असताना त्यांना गाडी येते आहे हे कानाने कळतं आणि बाजूला व्हायला डोळ्यांत थोडी दृष्टी शिल्लक राहते. तपासणीच्या वेळी कागद बघतात, हेल्मेट बघतात. जादाच्या फोकसांची वायर कापून टाकलेली मी कधी पाहिली नाही. ती कापायला सुरुवात व्हावी.

यात माणसांचाही फायदा आहे, हे म्हाताऱ्या चालकाने सांगायला हवं. वय वाढतं तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या मानाने साधारण तिसरा हिस्सा उजेड पोचतो. नोकरीच्या शेवटच्या पाच वर्षांत समोरून एलईडीची गाडी आली की मला रस्त्याची कड दिसेनाशी व्हायची. मी कडेची पांढरी रेघ धरून चालायचो. जिथे रेघ नाही तिथे देवाचं नाव. गेल्या साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता बरं दिसतं. पण त्या पाच वर्षांत मला कळलं की चरणमाळच्या त्या पिल्लाला बॅटरीच्या उजेडात काय झालं असेल.

माझे वडील बैलगाडी हाकायचे. रात्री बाजारातून परतताना कंदील लावलेला असायचा, पण तो गाडीखाली, आखाजवळ टांगलेला. उजेड चाकाजवळच्या जमिनीवर पडायचा, बैलांच्या डोळ्यांवर कधीच नाही. पुढचं बैल बघून घेतात, म्हणायचे. वडील गाडीत झोपून जायचे आणि बैल अंधारात सामोड्याच्या वळणावरून बरोबर घरी आणायचे. बैलाच्या डोळ्यातला तो आरसा वडिलांना ठाऊक नव्हता, पण कंदील कुठे टांगायचा ते ठाऊक होतं.

शेतकऱ्याची एक अडचण इथे मांडली नाही तर माझं बोलणं एकांगी होईल. शेतीपंपांना वीज कित्येकदा रात्रीची मिळते. कांद्याला, मक्याला पाणी द्यायला माणूस रात्री बारा वाजता बांधावर जातो. हातात बॅटरी, मनात बिबट्या. त्याने डोळ्यांवर उजेड मारू नये असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तो भ्यालेला असतो आणि त्याची भीती खरी असते. साळिंदर भुईमूग उकरतं, मक्याची कोवळी ताटं पाडतं, हेही खरं. यावर उपाय एकच, वीज दिवसा द्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये त्यासाठीच सुरू झाली. डोंगरकडेच्या शिवारांना त्यात पहिला नंबर द्यावा. माणूस दिवसा पाणी भरेल, रात्र ज्यांची आहे त्यांना राहील, दोघांची गाठ पडणार नाही.

गावातले हायमास्ट दिवेही मला खटकतात. चौकात दिवा हवाच, बायाबापड्यांना रात्री निर्धास्त फिरता यावं. पण गावाबाहेर, जिथे रात्री दहानंतर चिटपाखरू नसतं, तिथे पहाटेपर्यंत दिवसासारखा उजेड कशाला? खरं तर चिटपाखरू असतं, आपल्याला ते मोजायची सवय नाही. इस्रायलमधल्या वाळवंटी भागात संशोधकांनी आपल्याच जातीच्या साळिंदरांवर नजर ठेवली होती. १९८८ मध्ये त्यांनी लिहिलं की चांदण्या रात्री साळिंदरं बाहेर कमी फिरतात, अंधारी रात्र पसंत करतात. चांदण्याचाही जाच होणाऱ्या जीवाला आपण हायमास्टखाली उभं करतो. जिथे गरज नाही तिथे दहानंतर ते बंद करावेत, जिथे आहे तिथे झोत खाली वळवावा आणि पिवळा दिवा लावावा. ग्रामपंचायतीच्या बिलातही फरक पडेल.

घुबडाबद्दल एक सांगतो, कारण डोळ्यांचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं. आमच्याकडे पिंगळा दिसला की पोरं दगड मारतात, अशुभ म्हणतात. याच खान्देशात रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे, जे दिवसा शिकार करतं, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उन्हात बसतं. ॲलन ह्यूम या इंग्रज अभ्यासकाने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर ते कुणाला खात्रीने सापडलं नव्हतं. ते संपलं असंच जग धरून चाललं होतं. २५ नोव्हेंबर १९९७ ला पामेला रासमुसेन आणि तिच्या सोबत्यांना ते शहाद्याजवळच्या रानात सकाळच्या उन्हात बसलेलं दिसलं. शंभराहून जास्त वर्षं जग ज्याला संपलं म्हणत होतं, ते सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या लोकांच्या डोक्यावर बसलेलं होतं. आपल्या रानात कोणाचे डोळे आहेत हे आपण नीट पाहिलेलंच नाही.

आणि आपण चिंचिला विकत आणायला निघालो आहोत. त्याची हकीकत भाच्याने सांगितली तेव्हा नात रडवेली झाली. त्याच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस निघतात, एवढी दाट त्याची लोकर. तिच्यासाठी लाखो चिंचिला मारले गेले. १९१० मध्ये चिली, अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पेरू या देशांनी करार करून बंदी घातली, पण तोवर फार उशीर झाला होता. १९२३ मध्ये मॅथियस चॅपमन नावाच्या खाणीतल्या माणसाने अकरा चिंचिला अमेरिकेत नेले आणि आजचे पाळीव चिंचिला बहुतेक त्यांचेच वंशज. ज्या जीवाला पंचवीस अंशांच्या वरचा उकाडा सोसत नाही, त्याला सुरतेच्या चौथ्या मजल्यावर ठेवायचं? उन्हाळ्याच्या सुट्टीत पिंपळनेरला आणायचं, जिथे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो? शिवाय त्याच्या दाढा जन्मभर वाढतात. खाणं चुकलं की मुळं वर डोळ्याच्या बाजूला रेटतात, अश्रूंची नळी दाबली जाते आणि त्या सुंदर काळ्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहू लागतं. व्हिडिओत ते कुणी दाखवत नाही. मी मुलाला त्याच दिवशी सांगितलं, हा प्राणी घरात आणायचा नाही. त्याने ऐकलं.

नातीला मात्र मी रिकाम्या हाताने परत पाठवणार नव्हतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री मी, ती आणि भाचा असे तिघं लाटीपाडा धरणाच्या बाजूला, गावातल्या फटाक्यांचा आवाज मागे पडेल इतके लांब गेलो. चंद्राची कोर केव्हाच मावळली होती. बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी बांधला होता, कारण तांबडा उजेड रात्रीच्या डोळ्यांना कमी टोचतो. बांधावर गोधडी टाकून आम्ही बॅटरी न लावता बसलो. पहिली दहा मिनिटं नात म्हणत होती, आबा, काहीच दिसत नाही. वीस मिनिटांनी तिला बाभळीच्या फांद्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या. अर्ध्या तासाने ती माझ्या कानात म्हणाली, "आबा, तिकडे काहीतरी हललं." मला दिसलं नव्हतं. तिला दिसलं. भाच्याने लाल उजेड हळूच वळवला. हरभऱ्याच्या कडेला ससा बसला होता, कान उभे, एक डोळा आमच्याकडे. तो पळाला नाही. चरत राहिला. नात श्वास रोखून बघत होती. घरी येताना तिने चिंचिलाचं नाव काढलं नाही. साळिंदर कधी दिसेल, एवढंच विचारलं.

तिला ते दिसावं म्हणून हे लिहिलं. चरणमाळ, सेलबारी, कोंडाईबारी या घाटांतून रात्री जाणाऱ्या सगळ्या चालक भावांना माझं हात जोडून सांगणं आहे. जंगलाचा पट्टा लागला की गाडी हळू करा आणि समोर गाडी नसली तरी डिपरवर चाला. डोळे चमकले की थांबा, मागे गाडी नाही ना ते आरशात पाहा, हॉर्न वाजवू नका, हेडलाइट बंद करून नुसता पार्किंग दिवा ठेवा. अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात ते रस्ता ओलांडून गेलेलं असतं.